आमेन म्हणण्याआधी

चर्चच्या मागच्या अंगाला एक लहानशी खोली होती. पूर्वी तिथे गायनमंडळाचे झगे टांगलेले असत आणि मोडक्या खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसवून ठेवलेल्या असत. पाळकसाहेबांनी ती रिकामी करून घेतली, भिंतींना फिकट रंग दिला आणि दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी लावली. सुरुवातीला लोक त्या पाटीकडे असे बघायचे, की जणू आत इंजेक्शनच देतात. पुढे हळूहळू सवय झाली. मग तर असं झालं, की दाराबाहेरच्या बाकावर जागा मिळेना आणि बाकावर बसलेली माणसं एकमेकांना ओळख न दाखवता जाहिरातीचे जुने कागद मन लावून वाचत बसू लागली.

हे सगळं ताईमुळे झालं. चर्चची सगळी मंडळी तिला ताईच म्हणत असे. तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंही म्हणत. खुद्द पाळकसाहेबही म्हणत. ती आधी बरीच वर्षं एका दाताच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर होती. गाल धरून आलेल्या माणसाला बोलतं कसं करायचं आणि बोलता बोलता खुर्चीपर्यंत कसं न्यायचं, ही विद्या ती तिथेच शिकली. नंतर चर्चने तिला समुपदेशनाच्या शिक्षणाला पाठवलं. शिकून आली ती नवे शब्द घेऊन आली, पण काम जुनंच होतं. दुखतंय कुठे ते विचारायचं आणि माणूस पळून जाणार नाही एवढं बघायचं.

खोलीत दोन वेताच्या खुर्च्या, मध्ये तिपाई, तिपाईवर टिश्यू पेपरचा डबा आणि पाण्याचा तांब्या. घड्याळ मात्र येणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलेलं. म्हणजे ताईला वेळ कळावी आणि समोरच्याला ती घड्याळ बघतेय हे कळू नये. यात लबाडी काही नाही, ते तिला शिकवलेलंच होतं.

आणि ती कामाला खरंच चांगली होती, हे कबूल करायला हवं. एक जोडपं असं होतं, की घरात एकमेकांशी फक्त मुलीमार्फत बोलायचं. ‘बाबांना सांग, दार लावून घ्या.’ त्यांना तिने पुन्हा थेट भांडायला शिकवलं आणि भांडता भांडता ती दोघं हसायला लागली. एक शिक्षिका रोज सकाळी शाळेत जाण्याआधी न्हाणीघरात रडून घ्यायची. तिला ताईने न लाजता डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या घेतल्या म्हणजे देवावरचा विश्वास कमी पडला असं होत नाही, हे ती इतक्यांदा इतक्या ठासून सांगायची, की पाळकसाहेबांनीही ते उचलून दोन-तीनदा प्रवचनात वापरलं.

तिची एक पद्धत होती. बोलणं आवरतं घ्यायची वेळ आली, की ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायची, जरा पुढे झुकायची आणि म्हणायची, “चला, प्रार्थना करू या.” मग डोळे मिटायची. नेहमी येणाऱ्या बायकांना हे इतकं पाठ झालं होतं, की हात गुडघ्यांवर गेले रे गेले की त्या पर्स उचलायच्या आणि चपला पायांनीच चाचपायच्या. प्रार्थना ती सुंदर करायची. आत आलेलं माणूस जे अडखळत, अर्धवट बोललेलं असायचं ते ती देवापुढे नीट, सरळ करून मांडायची. लोक डोळे पुसत बाहेर पडायचे आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला वाटायचं, आपलाही नंबर लवकर लागो.

फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, आणि ताईच्या तर मुळीच नाही. हात गुडघ्यांवर जायचे ते नेहमी घड्याळ बघूनच जायचे असं नव्हतं. कधी कधी बोलणं अशा वळणावर यायचं, की पुढचं तिलाच ऐकायला नको वाटायचं. तेव्हाही ते जायचे.

ताई जगाची असली, तरी ती खरीखुरी ताई एकाचीच होती. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं, आणि रविवारी तो शेवटच्या बाकाशेजारी, भिंतीलगत, माइकच्या यंत्रापाशी बसायचा. सगळ्या चर्चचा आवाज त्याच्या हातात. प्रवचन फार लांबलं की हा हळूच आवाज उतरवतो, असा त्याच्यावर आरोप होता. त्याने तो कधी नाकारला नाही. बहिणीवर त्याचा भारी जीव. ती बोलायला उभी राहिली की माइक तिच्या उंचीला आणून ठेवायला तो स्वतः पुढे यायचा आणि जाता जाता पुटपुटायचा, “थोडक्यात, ताई.”

त्यांचे वडील धाकट्याकडेच असत. शेवटचं वर्षभर ते अंथरुणावरच होते. गेले तेव्हा ताई परगावी होती, त्याच समुपदेशनाच्या शिक्षणाला. फोन आला, ती धावत आली, तोवर सगळं आटोपत आलं होतं. धाकट्याला तिने विचारलं, त्रास झाला का रे त्यांना. तो म्हणाला, झोपेतच गेले. ताईला ते वाक्य औषधासारखं लागू पडलं. दुःखात तिने तेच धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत असे, आणि धाकटा बाजूला उभा राहून चहाचे कप गोळा करत असे.

त्यानंतर धाकटा बदलला. एकदम नाही, हळूहळू. आधी थट्टा गेली. मग दुकानाचं शटर अर्धं खाली राहायला लागलं. गिऱ्हाइकं फ्रिज मागायला आली, की उद्या या म्हणायचा, आणि उद्या आली की परवा. खोललेल्या मशीनसमोर स्टुलावर तासन्‌तास बसून राहायचा, हातात पाना तसाच. रविवारी मात्र माइकपाशी हजर असायचा, त्यामुळे मंडळीला काही कळलं नाही. कळलं ते त्याच्या बायकोला. ती एके दिवशी ताईकडे आली आणि म्हणाली, हे झोपत नाहीत, जेवणावर लक्ष नाही, विचारलं तर तोंडातून ब्र काढत नाहीत. तुमच्याशी बोलतील. तुम्हीच बघा.

आता इथे ताईला नियम ठाऊक होता. आपल्या माणसाला त्या खुर्चीत बसवायचं नसतं, दुसऱ्याकडे पाठवायचं असतं. शिकताना ती वर्गात हे तोंडपाठ म्हणून दाखवायची. ओळखीच्या मानसोपचार डॉक्टरबाई होत्या, ताई कितीतरी जणांना त्यांच्याकडे पाठवत असे. पण तिच्या मनात आलं, सगळी मंडळी माझ्याकडे येते आणि माझा सख्खा भाऊ दुसरीकडे जातो, हे कसं दिसेल. आणि आपल्या घरात असलं काही कसं असेल. हे असं उघडउघड तिने स्वतःशी म्हटलं नाही. माझ्याइतकं त्याला कोण समजून घेणार, असं म्हटलं. ते ऐकायला बरं वाटत होतं.

धाकटा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. बाकावर रांगेत बसला, मागून आलेल्या एका बाईंना आधी जाऊ दिलं. आत आल्यावर खुर्चीच्या काठावर टेकला आणि कधी नव्हे ते बहिणीसमोर हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. ताईने नेहमीसारखं पाणी दिलं. झोप कशी आहे, भूक कशी आहे, विचारलं. तो हो-नाही करत राहिला. बाहेर कोणीतरी खोकलं. मग तो खाली बघत म्हणाला,

“ताई, बाबा झोपेत नाही गेले. त्यांनी मला हाक मारली होती.”

खोली होती तशीच होती. पंखा फिरत होता. तिला एका क्षणात कळलं, की हे उघडलं तर आपल्याला मिटता येणार नाही. ते वाक्य, ज्याच्या आधाराने ती वडील गेल्यापासून उभी होती, ते तिच्या हातातून जाणार होतं. ती तिथे नव्हती आणि हा होता, हेही त्यात होतं. तिने वर पाहिलं. घड्याळात अजून पुष्कळ वेळ शिल्लक होता.

तिचे हात गुडघ्यांवर गेले.

“आधी प्रार्थना करू या आपण,” ती म्हणाली. “मग बोलू.”

आणि तिने डोळे मिटले. त्या दिवशीची तिची प्रार्थना फार सुंदर झाली. वडिलांसाठी तिने आभार मानले, भावासाठी शांती मागितली, ओझं उतरव म्हणाली. ओझं कसलं ते मात्र तिने ऐकून घेतलं नव्हतं. डोळे मिटलेले असल्यामुळे समोर धाकट्याचं तोंड कसं झालं, तेही तिला दिसलं नाही. प्रार्थना संपली आणि बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग धाकटा म्हणाला, “आमेन.” इतक्या उशिरा, की ताईला वाटलं, याच्या आत खोल काहीतरी पोचलं. तिचा जीव भांड्यात पडला. धाकटा उठला, शर्ट नीट केला, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि गेला. ‘मग बोलू’ म्हटलेलं तिला आठवलं तेव्हा पुढचं जोडपं येऊन बसलंही होतं.

नंतर बोलायचं तिच्या मनात रोज होतं. पण आज प्रार्थनासभा, उद्या कोणाची तरी सासू आजारी. भावजयीला ती भेटली की विचारायची, कसा आहे, आणि प्रार्थनेत आठवण ठेवतेय म्हणायची. भावजय मान हलवायची. वेळ मारून नेणं म्हणतात ते हेच, पण देवाचं नाव घेऊन मारून नेली की ती मारून नेल्यासारखी वाटत नाही.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी पाळकसाहेबांनी ताईला उपासनेत बोलायला सांगितलं. विषय तिच्याच कामाचा, मनाची दुखणी आणि विश्वास. धाकटा माइक उंचीला लावायला पुढे आला. लावला आणि काही न बोलता परत गेला. ताईला ‘थोडक्यात’ ऐकायची सवय होती, ती क्षणभर थांबली, मग बोलू लागली. छान बोलत होती. आपल्या घरातलं माणूस गप्प झालं तर त्याच्याजवळ बसा, घाई करू नका, असं ती सांगत होती आणि मधेच तिचा आवाज गेला.

लोकांना वाटलं लाइट गेले. पण पंखे चालू होते. सगळे मागे वळून बघू लागले. यंत्राचं बटण बंद होतं आणि धाकट्याची खुर्ची रिकामी होती. कोणीतरी पुढे होऊन बटण लावलं, माइक एकदा किंचाळला, आणि ताईला उरलेलं भाषण पुरं करावं लागलं. काय बोलली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. लोक मात्र म्हणाले, छान झालं.

धाकटा तिथून सरळ घरी गेला होता. दार उघडायला बायको नव्हती, ती चर्चमध्येच होती, म्हणून तो पायरीवर बसून राहिला. ती धावत आली तेव्हा त्याने एकच सांगितलं, मला दवाखान्यात ने, मला माझी भीती वाटायला लागलीय. तिने रिक्षा केली. ताईला सांगायला ती थांबली नाही.

ताई दवाखान्यात पोचली तेव्हा भावजय बाहेरच्या लांब बाकावर बसली होती, मांडीवर धाकट्याचं घड्याळ आणि पट्टा. आत तसल्या वस्तू ठेवू देत नाहीत. ताईने शेजारी बसून तिचा हात धरला आणि म्हणाली, मी बोलले होते गं त्याच्याशी, प्रार्थनाही केली होती. भावजयीने हात सोडवून घेतला. रागाने नाही, घड्याळ घसरत होतं ते धरण्यासाठी.

“प्रार्थना तर मी रोजच करत होते, ताई,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, तुम्ही ऐकून घ्याल.”

इतक्या लोकांना तिने बोलायला शब्द पुरवले होते, स्वतःच्या वेळी एकही सापडेना.

धाकटा काही आठवडे आत होता. योगायोग असा, की त्याच्यावर उपचार त्याच डॉक्टरबाई करत होत्या. ताईने एकदा त्यांना वाटेत गाठलंच. आडवळणाने विचारलं, वडिलांविषयी काही बोलला का तो. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, हे तुम्ही मला विचारताय? बरोबरच होतं त्यांचं. आत बोललेलं आतच राहतं, हे ताईच येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत असे. तिने माफी मागितली आणि घरी चालत आली.

धाकटा बरा झाला. हे सांगताना बरं वाटतं, कारण सगळेच होत नाहीत. गोळ्या लागू पडल्या, दर आठवड्याला तो डॉक्टरबाईंकडे जाऊन बोलू लागला, शटर पूर्ण वर गेलं. फक्त माइकचं काम त्याने पुन्हा घेतलं नाही. बायकोशेजारी मधल्या बाकावर बसायला लागला. ताई दिसली की हसायचा, तब्येत विचारायचा. सगळं अगदी व्यवस्थित होतं. पाहुण्याशी आपण वागतो तितकं व्यवस्थित.

ताईच्या खोलीत फरक पडला. तिने घड्याळ काढून दुसऱ्या भिंतीला लावलं, दोघांनाही दिसेल असं. प्रार्थना ती अजून करायची, पण आता आधी गप्प बसायची, चांगली ऐसपैस, समोरच्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत. पर्स उचललेल्या बायका पर्स पुन्हा खाली ठेवायच्या. आणि खरंच, कित्येकदा मुख्य गोष्ट त्या वेळीच निघायची, दाराकडे अर्धं वळल्यावर. पाळकसाहेबांनी एकदा हळूच सुचवलं, की लोक म्हणतात ताई हल्ली प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतात, जरा विचित्र दिसतं. ताई म्हणाली, दिसू दे. इतरांना या सगळ्याचा फायदा झाला. ज्याच्यापायी ती हे शिकली त्याला काही उपयोग नव्हता, आणि ही बोच तिला प्रत्येक माणूस मोकळा होऊन गेला की जास्तच लागायची.

शेवटी एके दिवशी सकाळी ती उठून त्याच्या दुकानात गेली. धाकटा एका फ्रिजच्या मागे बसून जाळीवरची धूळ ब्रशने झाडत होता. त्याने स्टूल पुढे सरकवलं, बस म्हणाला. ताईने वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. पण बसल्यावर तिने सरळच विचारलं.

“त्या दिवशी तू मला सांगत होतास. बाबांनी हाक मारली होती म्हणून. मी तुला बोलू दिलं नाही, धाकट्या. मी भ्यायले. आता सांग. मी कुठेही जात नाही.”

धाकट्याचा ब्रश थांबला. तो उठून पुढे आला, फडक्याला हात पुसले. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला चाललं असतं. राग नव्हता. दाढदुखी थांबलेल्या माणसाचा असतो तसा, जरा थकलेला आणि मोकळा चेहरा होता.

“सांगितलं गं मी ते,” तो म्हणाला.

“कोणाला?”

“डॉक्टरबाईंना. मग हिलाही सांगितलं. पुष्कळदा सांगितलं. तेव्हा कुठे सुटलो.”

“मला सांग ना.”

त्याने फडकं घडी करून फ्रिजवर ठेवलं. तिला वाटलं, सांगेल. तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, चुकूनही गुडघ्यांवर जाऊ नयेत म्हणून.

“आता नको, ताई,” तो शेवटी म्हणाला. “परत सगळं वर काढायचं माझ्यात बळ नाही. आणि तुला आता कशाला तो त्रास. झोपेतच गेले म्हण.”

तो प्रेमाने बोलत होता, यात शंका नाही. ताईला जे वाक्य हवं होतं तेच त्याने तिला परत दिलं होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात दाराशी एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. धाकट्याने त्याला हातानेच थांबा म्हटलं आणि ताईकडे वळला.

“चल, जाण्याआधी प्रार्थना कर,” तो म्हणाला. “तुझ्यासाठीही लोक थांबले असतील.”

त्याने डोळे मिटले, एक हात फ्रिजच्या दारावर तसाच. ताईचे डोळे उघडे होते. भावाचे केस कानापाशी पांढरे झालेले तिला पहिल्यांदाच दिसले. ती देवाला हाक मारून थांबली. तिला क्षमा मागायची होती, आणि ती देवाकडे मागायची नव्हती. शब्द जुळेनात. दारातल्या माणसाने पायावरचा भार बदलला. ताईने कसंबसं एक वाक्य सुरू केलं, माझ्या या भावाचं जे ऐकायचं राहून गेलं ते, आणि तिथेच ती अडखळली.

“आमेन,” धाकटा हळूच म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला.